मी हात लावला नव्हता

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. सही येते, पेपर बोट ठेवून वाचता येतो. हे एवढं लिहायला मला आठ दिवस लागले. लेक म्हणाला, "अण्णा, तुम्ही सांगा, मी लिहितो." मी म्हणालो, राहू दे. हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं काम नाही.

माझ्या वयावरून सगळं झालं. आई सांगायची, रझाकाराच्या धामधुमीत तू पोटात होतास, पोलीस ॲक्शननंतरच्या हुरड्यात जन्मलास. याहून पक्का दाखला माझ्याजवळ नाही. आधार कार्डाच्या शिबिरात मी हेच सांगितलं. तिथल्या माणसाला ते साल काढता येईना. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहून अंदाजानं एक साल टाकलं, पुढं एक जानेवारी लावली, अन् मला दोन वर्षांनी लहान करून टाकलं. दुरुस्त करून घ्या म्हणून लेक मागं लागला होता. पण चूक कागदाची, मी कशाला खेटे घालू, असं माझं म्हणणं. माझा स्वभावच तसा.

चतुर्थीचा दिवस होता. जालन्याहून राजूरच्या गणपतीला जाणारी एसटी गच्च भरलेली. पंच्याहत्तर पुरी झालेल्याला तिकीट लागत नाही, म्हणून मी ऐटीत कार्ड काढून बसलो होतो. कंडक्टर बाई होती, माझ्या नातीच्या वयाची. गळ्यात पट्टा, पट्ट्याला तिकिटाचं मशीन. तिनं कार्ड उलटंसुलटं पाहिलं.

"बाबा, तुम्हाला त्र्याहत्तरच झालीत. अर्धं तिकीट पडंल."

"पंच्याहत्तर पुरी झाली मला."

"कार्डावर न्हाईत ना, बाबा."

"कार्डाला काय माहीत? मी जन्मलो तवा कार्ड होतं का?"

मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, म्हातारा अजून जवान आहे म्हणा की! एखादी पोरगी पाहून द्या त्याला!" सगळी गाडी हसली.

अर्ध्या तिकिटाचे पैसे माझ्या खिशात होते. द्यायचेच नव्हते मला. आईनं सांगितलेलं वय चारचौघांत खोटं पडलं, अन् वर लोक हसले, हे डोक्यात गेलं. मी उभा राहिलो. "तू मला लबाड म्हणते का?"

"मी कुठं म्हणले? चेकिंगवाले चढले तर मला जाब द्यावा लागतो, बाबा. बसा तुम्ही."

तिनं तिकीट काढायला बटणावर बोट नेलं. मी मशीन धरलं अन् जोरात ओढलं. पट्टा तिच्या गळ्यात होता. मशीनबरोबर तीही पुढं ओढली गेली अन् तिचं कपाळ सीटच्या दांडीवर आपटलं.

ड्रायव्हरनं गाडी थेट पोलीस ठाण्याच्या आवारात नेऊन उभी केली. बायांच्या हातात दूर्वा, नारळ, लेकरं रडू लागलेली. एक म्हातारी खिडकीतून मला म्हणाली, "काय रं भाऊ, गणपती राहिला बाजूला, फौजदाराच्या दर्शनाला आणलंस आम्हाला!"

फौजदार शांत माणूस होता. मी त्याला सांगितलं, "साहेब, बोलाचाली झाली. बाईला मी हात लावला न्हाई."

"मशीन ओढलं का?"

"मशीन ओढलं."

"पट्टा कुठं होता?"

मी पायातली वहाण सारखी करू लागलो.

"हे पहा बाबा. नुसते भांडला असता, आवाज चढवला असता, तर चहा पाजून घरी धाडलं असतं तुम्हाला. गरम व्हायला बंदी न्हाई. पण सरकारी काम करणाऱ्याला काम करू द्यायचं न्हाई म्हणून जोर लावला, की तो गुन्हा. कलम तीनशे त्रेपन्न. मशीनला लावला काय अन् माणसाला लावला काय, धक्का तिलाच बसला ना?"

ती बाजूच्या बाकावर बसली होती. कपाळावर टेंगूळ, गळ्यावर लाल वळ. ती म्हणाली, "साहेब, गाडी भरलेली आहे, मला राजूर गाठायचंय. बाबांनी गाडीत येऊन सगळ्यांसमोर 'चुकलं' म्हणावं. मी तक्रार देत न्हाई."

एवढंच मागत होती ती. फौजदारानं माझ्याकडं पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "म्हणून टाका ना, बाबा." माझ्या मनात एकच, ज्या गाडीनं मला हसून घेतलं, त्याच गाडीसमोर मी मान खाली घालू? मी म्हणालो, "हात लावला न्हाई, मंग चुकलं कशाला म्हणू?"

तिनं बराच वेळ वाट पाहिली. पाण्याचा ग्लास घेतला, पुरा प्याली. पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "घ्या लिहून, साहेब."

लेकानं धावपळ करून जामीन घेतला. पुढं दोन वर्षं गावात जो विचारी त्याला मी एकच सांगायचो, हात लावला नव्हता. लोक म्हणायचे, बराबर आहे. मलाही ते बराबर वाटून राह्यलं.

मग कोर्टात तिची साक्ष निघाली. माझ्या वकिलानं विचारलं, "यांनी तुम्हाला मारलं?"

"न्हाई."

"शिवी दिली?"

"न्हाई."

मी खुशीत होतो. वकील म्हणाला, "म्हणजे गाडीला हिसका बसला अन् तुमचा तोल गेला?"

तिचा हात आपोआप गळ्याकडं गेला. "न्हाई. बाबांनी मशीन ओढलं. पट्टा गळ्यात होता."

वकिलानं चार वेळा फिरवून विचारलं. चारही वेळा तेच. मारलं म्हणाली असती तर मी पुरता अडकलो असतो. तिनं घडल्यापेक्षा एक अक्षर जास्त सांगितलं नाही, अन् मी ठाण्यात 'चुकलं' एवढा एक शब्द खर्चिला नव्हता. काम उरकून मी बाहेर येईस्तोवर ती ड्यूटीवर निघून गेल्ती. पुढं कळलं, तिची बदली झाली. कुठं, ते विचारायला मला तोंड नव्हतं.

पुढच्या तारखेला जजसाहेब मला विचारणार होते. वकिलानं बजावलं, "प्रत्येक प्रश्नाला 'खोटं आहे' म्हणायचं. हो म्हणालात तर शिक्षा लागंल." शेवटी वयाकडं पाहून नीट वागण्याच्या हमीपत्रावर सोडलं मला, पण त्या दिवशी ते माहीत नव्हतं.

जजसाहेबांनी विचारलं, "तुम्ही मशीन ओढलं असं साक्षीत आलंय. काय म्हणणं आहे?"

"ओढलं, साहेब. पट्टा तिच्या गळ्यात होता. चुकलं माझं."

वकील फायलीत पाहू लागला. कोर्टात दारापाशी एक शिपाई, अन् आपापल्या केसची वाट पाहत बसलेले दोन काळे कोट. ती नव्हती. त्या गाडीतलं एकही माणूस नव्हतं.

टाइप करणारी बाई थांबली. म्हणाली, "बाबा, शेवटचं ऐकू न्हाई आलं. जरा मोठ्यानं सांगा."

मी मोठ्यानं सांगितलं.