बत्तीस फुल्या

आनंदा गवंड्याचा कान फार तिखट होता. हे मी नाही म्हणत, पाथर्डीच्या अंगाला कुणालाही विचारा. थापीच्या मुठीनं भिंतीवर दोन टोले हाणायचे, मान तिरकी करायची, की आत दगड कुठं निसटलाय, पोकळी कुठं धरलीय, सगळं हा गडी घडाघडा सांगायचा. त्यानं ‘पोकळ’ म्हटलं की घरमालकाचं तोंड उतरायचं. आनंदाला ते मनातून आवडायचं, खोटं कशाला बोला!

बासष्ट साली काम शोधत तो तारापूरला आला. तिथं किल्ल्याच्या तटाखाली एक जुनी आळी होती. फिरंग्यांच्या वेळची, असं लोक सांगायचे. अरुंद वाट, जाडजूड भिंती, समोरासमोर ओटे. या ओट्यावरून त्या ओट्यावर मीठ-मिरची हातोहात जायची. कुठल्याशा कचेरीच्या डोक्यात आलं की ही आळी सुधारायची. सरळ रस्ता, पक्का बाजार आणि ज्यांची घरं पडतील त्यांना नळ असलेल्या दोन-दोन खोल्या. नकाशा तर इतका देखणा काढला होता की बघणाऱ्यानं आपणहून घर पाडावं.

पण नियम असा, की मोडकळीला आलेलंच घर पाडायचं. आता मोडकळीला आलंय की नाही हे ठरवायचं कुणी? ओव्हरसिअर साहेबांना उन्हात घरोघर फिरायचा कंटाळा. त्यांनी मजुरांतल्या आनंदाला हाक मारली. “तुझा कान चांगला आहे म्हणतात. तू ठोक, मी लिहितो.” आणि वर त्याला ‘मिस्त्री’ म्हणाले. झालं! आनंदा हवेत.

तीन दिवस तो ठोकत फिरला. पहिलं घर पोकळ. दुसरं पोकळ. तिसरं तर ढोलासारखं वाजलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं, पण कानाचा संशय कसा तो आला नाही. मागून झुंबर नावाचा मजूर गेरूची बादली घेऊन यायचा आणि दारावर फुली मारायचा. अशा बत्तीस फुल्या पडल्या.

त्यातली एक रखमाबाईच्या दारावर. रखमाबाई म्हणजे आळीतली विधवा बाई. मुलगा मुंबईला गोदीत. आनंदाचं दोन वेळचं जेवण तिच्याकडेच असायचं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढता वाढता ती त्याच्या गावाकडची चौकशी करायची. फुली पडली त्या दुपारी तिनं भिंतीवर तळहात ठेवला.

“आनंदा, खरं सांगतोस? माझ्या सासऱ्यानी हिला जपली रे.”

आनंदा हसला. “मावशी, ह्यो कान हाये माझा. येका पावसात बसंल ती भिंत.”

आळी कुरकुरत होती. कुणी घर सोडायला तयार होईना. तेव्हा रखमाबाईच पुढं झाली. म्हणाली, “माझं घर आधी पाडा. मग बाकीचे घाबरणार नाय.”

पाडायच्या सकाळी तिनं देव बाहेर काढले आणि काय केलं असेल? घर झाडून काढलं. कोपरान् कोपरा. झुंबर म्हणालासुद्धा, “मावशे, आता कशाला?” ती केरसुणी घेऊन बाहेर आली आणि समोरच्या ओट्यावर बसली.

झुंबरनं पहार घातली. गिलावा एका दणक्यात सुटला, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा आख्खाच्या आख्खा खाली आला. आणि मागं भिंत उभी! घडीव दगड आणि शिंपल्यांचा चुना. पहार बसली की ठिणगी उडायची आणि हात झिणझिणायचे. सहा माणसं चार दिवस त्या एका घराशी झगडली.

आनंदाला पहिल्या दणक्यालाच कळलं होतं. त्याच्या गावच्या भिंती उघड्या दगडाच्या. तिथं टोला थेट दगडावर पडतो. इथं चार बोटं जाड गिलावा, आणि खारं वारं खाऊन खाऊन तो भिंतीपासून सुटलेला. अरे देवा! आपण तीन दिवस नुसता गिलावाच वाजवत होतो. भिंतीपर्यंत आपला टोला पोचलाच नव्हता.

“मिस्त्री,” झुंबर घाम पुसत म्हणाला, “ही जर पोकळ, तर माझं डोस्कं काय म्हणायचं?”

सगळे खो खो हसले. अजून एकतीस घरं उभी होती. साहेब दहा पावलांवर छत्रीखाली बसले होते. आनंदा चालत त्यांच्यापर्यंत गेला. साहेबांनी मान वर केली. “काय मिस्त्री?”

सांगायचं होतं हो त्याला! शब्द ओठावर होता. पण मागं सहा माणसं बघत होती आणि त्या ‘मिस्त्री’नं त्याचा गळा धरला.

“साहेब,” तो म्हणाला, “पहारी बोथट झाल्यात. नव्या लागतील.”

नव्या पहारी आल्या. शिमग्यापर्यंत एकतीसही घरं गेली.

आणि मग? मग काय, नव्या खोल्यांची जोती गुडघाभर वर आली आणि काम थांबलं. साहेबांची बदली झाली, नकाशा कचेरीत राहिला. कुणी म्हणे मंजुरी नाही, कुणी म्हणे योजनाच दुसरीकडे गेली. लोक झावळ्यांच्या छपरात राहिले, एकमेकांवर खेकसू लागले आणि हळूहळू पांगले. कुणी सालवडला, कुणी बोईसरला. जोत्यांवर शेळ्या बसू लागल्या. रखमाबाई मात्र तिथंच छपरात राहिली.

आनंदा तिथून अणुवीज केंद्राच्या बांधकामावर लागला. पण किल्ल्याकडची वाट त्यानं सोडली. बाजारालासुद्धा लांबून वळसा घालून जायचा. कुणी म्हटलं, “आनंदा, जरा ठोकून बघ,” की तो म्हणायचा, “कान बसलाय माझा.” जेवताना घास फिरायचा तोंडात.

सदुसष्ट साली रखमाबाईचा निरोप आला. तिनं आपल्या घराचे दगड राखून ठेवले होते आणि त्या अर्ध्या जोत्यावर तिला एक खोली उभारायची होती. निरोप असा, की गवंडी तूच पाहिजेस. आनंदाची रात्रीची झोप उडाली. पण गेला. अकरा रविवार गेला. मजुरीचं नाव काढू दिलं नाही. मान खाली घालून दगडावर दगड चढवत राहिला.

शेवटच्या रविवारी भिंत पुरी झाली. रखमाबाईनं कपात चहा दिला आणि म्हणाली, “ठोक बघू. काय म्हणतो तुझा कान?”

आनंदानं थापी उचलली. हात वर जाईना. तो तिथंच जोत्यावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

“मावशी, तुमची भिंत चांगली होती. सगळ्यांच्याच होत्या. माझाच कान चुकला. तुमचं घर पाडलं तवाच कळलं मला, आन् मी गप बसलो. बाकीची एकतीस घरं मी वाचवू शकलो असतो.”

त्याला वाटलं, आता ही थापी डोक्यात घालणार. घातली असती तर बरं वाटलं असतं त्याला. पण रखमाबाईनं नव्या भिंतीवर तळहात ठेवला.

“मना ठाऊक होतं रे,” ती म्हणाली. “चाळीस वरसं टेकून बसली मी त्या भितीला. पण म्हटलं, गवंडी तो हाय, मी थोडीच. पाडायच्या आदल्या दिवशी आळीतल्या बाया आल्या होत्या मना इचारायला. मी सगळ्यांना सांगितलं, आनंदा माझ्या घरी जेवतो, तो खोटं नाय बोलणार.” तिचा आवाज चिरकला. “पाच वरसं झाली, मी पण त्यांच्या दारात गेली नाय.”

ती त्याच्याशेजारी जोत्यावर बसली. चहावर साय धरली.

मग रखमाबाई उठली, पदर खोचला, चपला पायात घातल्या.

“ऊठ. एकतीस घरं हायत. पहिली सालवडची घेऊ. आज चार-पाच तरी होतील.”