युफेमियाकडे नसलेलं कार्ड

१२ नोव्हेंबर १९८७, गुरुवार. वारा बोचरा. सहाच्या मिस्साला गेले. युफेमियाला कारखान्यातून घरी पाठवलं.

आज जुनी वही उघडली आणि मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या अमेरिकेतल्या एल पासोची आमची ती गल्ली जशीच्या तशी दिसली. युफेमियाचं हसू तीन घरं सोडून ऐकू यायचं. चौदा वर्षं ती पँटींना खिसे लावत होती. तिच्या मुलीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणायचो.

बेकायदा आलेला माणूस कामावर ठेवला तर मालकाला दंड, असा नवा कायदा झाला होता. मालक घाबरला आणि आमच्यासारखं मेक्सिकन आडनाव दिसलं की ग्रीन कार्ड मागू लागला.

“अगं कोमाद्रे, मी म्हटलं, कार्ड बाहेरून आलेल्यांना देतात, मी तर पुढच्याच गल्लीत जन्मले! तर म्हणतो कसा, सुइणीच्या सहीचा जन्मदाखला चालायचा नाही. कार्ड आण, मग ये.”

माझे यजमान लिब्रादो कॉफी ढवळत म्हणाले, “लोक मेक्सिकोतून पूल ओलांडून येतात, सरकारी दवाखाना भरून टाकतात. कर आपण भरायचा, आणि वर संशयही आपल्यावरच!”

“आणि तुमचे वडील कुठून आले हो, विमानातून?” युफेमिया म्हणाली. लिब्रादोंना हसता हसता ठसका लागला.

शनिवारी मात्र ती खाली मान घालून आली. “बाजारात एक जण चाळीस डॉलरला कार्ड करून देतो. फोटो देऊन आलेय.”

“वेडी का तू? इथली असून परदेशी असल्याचं खोटं कार्ड विकत घेणार?”

“खोटं आणलं तर तो ठेवून घेईल, कोमाद्रे. खरं तो हातातही धरत नाही.”

मी म्हटलं, “पकडली गेलीस तर तुझं खरंही कुणी ऐकणार नाही.” मग दोघी बाजारात गेलो आणि फोटो परत आणला.

चेहरा किंवा आडनाव पाहून कुणाला काढता येत नाही, आणि जुन्या कामगारांकडे कागद मागायचेच नाहीत, हेही त्याच कायद्यात होतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत घोटून घेतलेल्या अक्षरात मी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीला तीन पानी तक्रार लिहिली. कोण कधी काय बोललं, ते वहीतून उतरवून काढलं. पुढचे चार महिने युफेमियाने चर्चबाहेर तमाले, म्हणजे कणसाच्या पानात उकडलेले मक्याचे उंडे, विकले. पुलापलीकडून येणाऱ्यांमुळे दवाखान्यात रांग लागते म्हणून बायका कुरकुरल्या की ती पूर्वी भांडायची. त्या हिवाळ्यात ती नुसती कणसाची पानं सोलत राहायची.

मार्चमध्ये उत्तर आलं. कारखान्याने तिला बुडालेल्या पगारासकट परत घेतलं, पण खिशांऐवजी काजांवर बसवलं. ती तक्रार न करता गेली. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती परतेपर्यंत मी खिडकीतून हलले नाही. वहीत त्या दिवसाचं एवढंच आहे:

७ मार्च १९८८, सोमवार. राजमा तळाला लागला. लिब्रादोंनी टॉर्टिया आणि अंडी खाल्ली.