नवसाची लवकी

माझी थोरली नणंद शेतावर येते तेव्हा तिच्या हातात दोन रिकाम्या पिशव्या असतात आणि तोंडात एकच वाक्य असतं, "काही नेत नाही वं मी, मोकळी हवा घ्याले आली." संध्याकाळी ती नागपूरला परत निघते तेव्हा त्या मोकळ्या हवेत वांगी, चवळीच्या शेंगा, मेथी आणि निदान एक पपई असते. पिशव्या गाडीत ठेवायचं काम माझ्याकडेच असतं.

शेत म्हणजे कुहीच्या रस्त्याला लागून असलेला एक एकराचा तुकडा, दोन खोल्या आणि एक विहीर. ह्यांनी निवृत्तीनंतर घेतला. जन्मभर ऑफिसात फायली हलवल्या, आता त्याच गांभीर्याने शेणखत हलवतात. मी शेतकऱ्याच्या घरची, त्यामुळे हुकूम माझा आणि घाम ह्यांचा अशी आमची वाटणी आहे. घाम गाळायला त्यांची ना नाही, फक्त आधी मोबाईलवर एखादा व्हिडिओ बघून खात्री करून घेतात. त्याचा मला राग येतो.

नणंदेच्या पिशव्यांचाही येतो, पण तो मी गिळते. त्या वर्षी मात्र एका फळाला तिनं हात लावू नये म्हणून मी काहीही करायला तयार होते. ते फळ म्हणजे माझ्या आईची लवकी, तुमच्याकडचा दुधी. आखूड, गुबगुबीत, फिकट हिरवी, चणाडाळीत टाकली की लोण्यासारखी शिजणारी. आई दर वर्षी बिया राखेत घोळवून, चिंधीत बांधून माझ्याकडे पाठवायची. आई गेली, माहेरचा वेलही गेला, आणि शेवटच्या पुरचुंडीतल्या बियांपैकी माझ्याकडे एकच उगवली. हा वेल बी न धरता वाळला, तर ती लवकी पुन्हा कुठे मिळणार नव्हती.

बियाण्याचं फळ निवडायचं एक शास्त्र असतं. वेलाला धरलेलं पहिलं फळ ठेवायचं नाही, शेवटचंही नाही. मधलं, ठसठशीत, वेलाच्या बुडाकडचं ठेवायचं. लवकीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मी स्वतः नर फूल तोडून मादी फुलाला लावलं होतं. शेजारच्या बांधावर एक कडू लवकी चढली होती आणि तिच्याशी सोयरीक होऊ द्यायची नव्हती. फळ धरलं, वाढलं, आणि एका रविवारी मी चहा घेऊन मांडवाखाली गेले तर नणंद त्याला नख लावून बघत होती. कोवळी आहे म्हणाली, पुढच्या रविवारी नेईन म्हणाली. नख लागलेलं फळ तिथूनच सडतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. नख वरवर लागलं होतं म्हणून बरं.

सरळ सांगून उपयोग नव्हता. ती हो म्हणाली असती आणि लवकी विसरून नेली असती. म्हणून मी मधल्या आठवड्यात लवकीच्या देठाला लाल चिंधी बांधली, पोटावर हळदकुंकू लावलं आणि खाली एक गोल दगड मांडून त्यालाही शेंदूर फासला. हे बघत उभे राहिले. मी त्यांना फक्त तोंड बंद ठेवायला सांगितलं.

रविवारी नणंद आली, तडक मांडवाखाली शिरली आणि तिचा हात मध्येच थांबला.

"हे काय वं?"

नवस आहे म्हटलं. कशाचा, असं तिनं विचारलं, आणि तिथे माझी पंचाईत झाली, कारण नवसापुढचा विचार मी केलाच नव्हता. समोर तिचा चेहरा होता, म्हणून तोंडातून निघून गेलं, "तुमच्या मुलाच्या लग्नाचा, ताई."

ह्यांना चहाचा ठसका लागला. भाचा पुण्यात कंपनीत आहे. पगार चांगला, वय चौतिशीच्या पुढे. आधी तो मुलींना नाही म्हणायचा, मग मुली त्याला नाही म्हणायला लागल्या, आणि आता त्याच्या कपाळाची हद्द दर वर्षी मागे सरकत होती. नणंदेनं लवकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले. मग मलाही जोडावे लागले. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, म्हणून मी भाच्याचं नाव मोठ्यानं घेऊन त्याच्यासाठी बायको मागितली.

त्यानंतर मजाच सुरू झाली. दर रविवारी ती अगरबत्ती आणायची, आम्ही दोघी हात जोडायचो, आणि मग व्हिडिओ कॉलवर पुण्याला दर्शन जायचं. तिकडून भाचा बिचारा दात घासता घासता लवकीला नमस्कार करायचा. जवळ शेण-गोमूत्राचं जीवामृत शिंपडलं तर देवापाशी घाण करून राहिला म्हणून ती ह्यांना रागवायची. देवाचा मांडव म्हणून बाजूचा दोडकाही तोडेनाशी झाली. एकदा माकडांनी सगळा मांडव ओरबाडला आणि तेवढी लवकी राहिली. त्यावर ती गहिवरली. मी आदल्या दिवशी भोवती बाभळीच्या काट्या बांधल्या होत्या, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मी भलतीच खूष होते.

संक्रांतीनंतर तिचा फोन आला. लग्न जुळलं होतं. मुलगी अमरावतीची, तीही पुण्यातच नोकरीला. मी आनंदानं ओरडलेच. पण पुढचं वाक्य ऐकून खुर्चीत बसले. नवस फळला, आता लवकी वाजतगाजत नेऊन कन्हान नदीत सोडायची, ती रविवारी येतेय.

आता खरं सांगावं, तर लग्नात पुढे कोणाच्या पायात नुसता काटा जरी रुतला तरी तो माझ्यामुळे रुतला असता. गप्प बसावं, तर आईची लवकी बियांसकट नदीत. ह्यांनी खरं सांगून टाक असा सल्ला दिला. बहीण त्यांची, पण तिचं ऐकून घ्यायची पाळी माझी, म्हणून मी तो सल्ला मानला नाही.

शनिवारी सकाळी मांडवाखाली गेले. देठ वाळला होता, साल गवताच्या रंगाची आणि टणक झाली होती. हलवली तर आत बिया खुळखुळत होत्या, म्हणजे अगदी तयार. ह्यांच्या स्क्रूड्रायव्हरनं बुडाला भोक पाडलं, तार घालून एकेक बी बाहेर काढली, भोकात कणीक भरली आणि वरून हळदकुंकवाचा जाड थर दिला. बिया राखेत घोळवल्या. पुरचुंडी ह्यांच्या भरवशावर घरी ठेवायचा धीर होईना, म्हणून रविवारी ती कमरेला खोचूनच मी नदीवर गेले.

हे वर गाडीपाशी थांबले. आम्ही दोघी पाण्याजवळ गेलो. नणंदेनं लवकी दोन्ही हातांत घेतली, डोळे मिटले, मग ती कानाशी नेली आणि हलवली. काही वाजलं नाही. तिनं पुन्हा हलवली आणि माझ्याकडे बघितलं.

"बिया काढून घेतल्या नं वं?"

माझा हात कमरेच्या पुरचुंडीवर गेला.

"बरं केलं. मी कालपासून विचारच करून राहिली होती, हे बाई आपल्या आईची लवकी तशीच पाण्यात सोडते का काय."

तिला पहिल्याच रविवारी कळलं होतं. तिच्या सासरीही बियाण्याच्या फळाला चिंधी बांधायचे, हळदकुंकू तेवढं माझ्या पदरचं होतं. मग मला राग आला. इतके महिने ती मला बनवत होती. चपला कशाला काढल्या, अगरबत्त्या कशाला लावल्या, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

ती लवकीवरचं कुंकू बोटानं नीट करत राहिली. मग म्हणाली, "माझ्या पोराच्या लग्नाचं नाव काढलं का लोक हसत होते. तुनं खोटे का होईना, पण हात जोडले. माझ्यासोबत उभं राहून हात जोडणारं मले दुसरं कोणी नव्हतं."

मला भडभडून आलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला मनापासून आवडली, हे मी इथे कबूल करते, तिला सांगितलेलं नाही.

तिनं लवकी पाण्यात सोडली. रिकामी लवकी कसली बुडते, ती तरंगत, गिरक्या घेत निघून गेली. नणंदेनं हात धुतले, पदराला पुसले आणि उजवा तळवा माझ्यासमोर धरला.

"आता अर्ध्या बिया इकडे कर. सुनेले लवकी आवडते म्हणे."

मी कमरेची पुरचुंडी सोडली आणि अर्ध्याहून जरा जास्तच तिच्या हातावर ठेवल्या.