भिंतीपलीकडचे माग

सात रस्ता चौकातल्या दुकानात मोबाइल दुरुस्तीला टाकला आणि सोल्डरिंगच्या राळेचा वास नाकात शिरला. मग जुनी खोली आठवली आणि मला तिथल्या स्टुलावर बसवेना.

सत्तरच्या दशकात भवानी पेठेतल्या भाड्याच्या खोलीत दूरच्या अनोळखी लोकांशी मोर्सच्या टिकटिकीतून बोलायला मी हौशी रेडिओ केंद्र जुळवलं होतं. घरचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर, आणि गच्चीवर धुण्याच्या दोरीलगत ताणलेली तांब्याची तार. लायसन्स येऊन महिना झाला, तरी कानात नुसती खरखर. भिंतीपलीकडे विणकर नरसय्यांचे माग दिवसभर धडधडायचे. एका दुपारी वैतागून मी त्यांच्या दारात गेलो.

"धा मिनटं बंद करतो की, मास्तर," ते म्हणाले.

माग थांबले. घामेजल्या बोटांनी मी मोर्सची कळ दाबत राहिलो. उठलो, बसलो, तार चाचपली, पुन्हा कळ दाबली. आणि अचानक पुसटशी टिकटिक आली. दूरचं कुणीतरी मला उत्तर देत होतं!

त्या नादात दहा मिनिटांचा तास झाला, माग अजून बंदच होते. वळून पाहिलं तर नरसय्या दारात उभे.

"काय म्हणला त्यो?"

"तुमची टिकटिक स्पष्ट ऐकू येतेय म्हणाला."

"मग त्याच्या शेजाऱ्यानं बी माग बंद केलं असंल की," म्हणत ते कामाला गेले.

मी हसलो. त्या परक्या माणसाला, त्यानं कळवलेल्या पत्त्यावर, संध्याकाळीच आभाराचं कार्ड टाकलं. भिंतीपलीकडे आभार मानायला मात्र गेलो नाही.