शिवलं तेवढंच वाचलं

परत आलेलं पुस्तक काका आधी कानाशी धरत. अंगठ्यानं पानांच्या कडा फर्रकन सोडत आणि म्हणत, "पानं कमी असली का आवाज पोकळ येते."

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते ग्रंथालयाचे शिपाई होते. फाटलेली पुस्तकं शिवायचं कामही त्यांचंच. नीती, सत्ता, माणसाचा स्वभाव यांवरचे जुने जाडजूड ग्रंथ त्यांनी वाचले होते, पण उसवलेल्या भागापुरतेच. "शिवतो तेवढंच वाचतो, बाई. राजानं कसं वागावं ते मले मालूम हाय. परजेनं कसं वागावं, ते प्रकरण अजून फाटलंच नाही!"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते, तर दुसरंही सांगायला हवं. तत्त्वज्ञानाच्या पेपरआधी एक ग्रंथ दोनच दिवस मिळाला, म्हणून मी त्यातली चार पानं ब्लेडनं कापली. परतीच्या गर्दीत ते खपून गेलं. प्रकरण कोणतं? कोणी पाहत नसताना माणसानं चांगलं का वागावं! हसा खुशाल.

निकालानंतर दाखल्यासाठी ग्रंथालयाचा शिक्का लागायचा, आणि तो काकांच्या हाती. शिक्का नाही तर अकोल्याला एम.ए.चा प्रवेश नाही. शिक्क्याआधी ते आपण नेलेलं एकेक पुस्तक काढून कानाशी धरत. तो ग्रंथ त्यांनी दोनदा धरला.

"पानं कमी हायेत."

"आधीपासूनच नसतील, काका."

"असंल." माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

सायकल स्टँडपर्यंत गेले. सुटले होते. पण कुलूप काढायला हात होईना. पानं वहीतच होती. मागे फिरले.

"आता काहून आली? शिक्का त भेटला न?"

मी पानं टेबलावर ठेवली, वर शिक्का मारलेला फॉर्मही ठेवला. "खोटं बोलले, काका."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि केवढा तरी श्वास सोडला. "हारलो बाप्पा! मनात मनलं होतं, ही पोरगी काई वापस येत नाही. हारलो ते बरं झालं."

मग खळ काढली. पण चिकटवण्याआधी ओळीवर बोट ठेवून चारही पानं वाचली. "एवढ्यासाठी एवढं लिहा लागते?" स्टुलावर बसून मी पोटभर हसले. परीक्षेपासून तशी हसलेच नव्हते.

आता मी अकोल्यात हाच विषय शिकवते. मागच्या साली त्या ग्रंथालयात गेले, तर काकांच्या टेबलावर बारकोडचं यंत्र. ते वारल्याचं तिथंच कळलं. तो ग्रंथ मागितला, कानाशी धरला. आवाज भरलेला आहे. फक्त त्या चार पानांपाशी अंगठा जरा अडतो. खळ थोडी जास्त लागली आहे.