दोर तोडायचा दिवस

लिफ्टच्या कारखान्यात त्यांना सगळे ब्रेककाका म्हणत. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. कुणी घाबरून विचारलं, "काका, पडणार तर नाही ना?" तर दुसरा कुणीही "छे छे!" म्हणेल. हे म्हणायचे, "दोर तुटू शकतो की! पण लिफ्ट पडायची नाही." आता अशानं माणसाला धीर येतो होय? बिचारे लोक मुकाट जिना चढायचे.

दोर तुटला तरी लिफ्टला जागच्या जागी धरणारा ब्रेक ज्यांनी शोधला, ते संशोधक याच कारखान्याचे. दर वर्षी त्यांच्या स्मृतिदिनाला भाषणं व्हायची, चहा व्हायचा, आणि मग खरा कार्यक्रम. त्यांची पहिली उघडी लिफ्ट अंगणात दोन मजले वर चढवायची, तिच्यावर माणूस उभा करायचा आणि खाली खांबाला बांधलेला दोर कुऱ्हाडीनं तोडायचा. वर उभा राहणारा माणूस म्हणजे आपले ब्रेककाका.

काकू तिकडे एकदाही फिरकल्या नव्हत्या. त्या दिवशी घरात नुसती भांड्यांची आदळआपट. "गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी जिता माणूस टांगायचा, ही कुठली रीत म्हणायची?"

यंदा काका निवृत्त होणार होते. त्यांनी गळच घातली. "अगं, एकदाच ये. मी आयुष्यभर काय केलं ते तूच पाहिलं नाहीस, तर मग केलं कुणासाठी?"

काकू आल्या. पण डोळे गच्च मिटून बसल्या.

काका वर गेले. कुऱ्हाड यंदा नव्या मॅनेजरच्या हातात होती. त्यानं घाव घातला खरा, पण दोर निम्माच तुटला. उरलेला करकरायला लागला आणि गड्याचं अवसानच गळालं. "राहू द्यायचं का?" तो पुटपुटला.

काकूंनी डोळे उघडले. नवरा निम्म्या दोरावर! त्या तरातरा पुढं गेल्या. "द्या इकडे ती कुऱ्हाड! काय ते एकदाचं होऊन जाऊ दे, असा जीव टांगणीला लावू नका!"

वरून काका ओरडले, "अगं, हाण बिनधास्त! ब्रेक धरतो!"

काकूंनी हाणला. लिफ्ट चार बोटं खाली आली, खाडकन आवाज झाला आणि थांबली. काका वर तसेच उभे, तोंडभर हसत.

काकूंना रडू आलं, मग हसू आलं. कुऱ्हाड मॅनेजरच्या हातात कोंबत त्या म्हणाल्या, "नवा दोर बांधा. आता मी यांच्याशेजारी उभी राहणार आहे."