पिंपळाला नंबर नव्हता

आमचं घर खाणीवर होतं. शहराच्या कडेला डोंगर, त्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या वीस-पंचवीस खोल्या, त्यातली एक आमची. वडील सुरुंगाची भोकं पाडायचे, आई खडी फोडायची. पाणी टँकरचं, तेही आलं तर. भाकरीत दगडाची कच लागायची. त्यावर कुणी बोलायचं नाही. मी दहावीला येईपर्यंत अर्धा डोंगर संपला होता. शहर वाढत होतं, त्याला खडी हवी होती, आणि त्या खडीवर आमची चूल पेटत होती. ‘डोंगर वाचवा’ म्हणत एकदा मोर्चा आला, तेव्हा आम्ही दारात उभं राहून नुसतं बघितलं. आम्हाला कुणी काही विचारलं नाही. आम्हीही काही सांगितलं नाही.

मी सिव्हिलची डिग्री घेतली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. हे मी कुठेही सांगतो.

आता मी सिंगापूरला असतो. तिथल्या यिशुन या उपनगराच्या कडेला नवे फ्लॅट होणार होते आणि त्यांच्यासाठी मोठा नाला एका रानाच्या पट्ट्यातून न्यायचा होता. तिथे पूर्वी कंपाँग होतं, म्हणजे गावठाण. माणसं कधीच फ्लॅटमध्ये गेली, मागे दुरियनची, म्हणजे फणसासारख्या काटेरी फळाची, आणि रबराची झाडं राहिली. आमच्या कामात आधी झाडं मोजतात. जाड खोडाच्या प्रत्येक झाडाला खिळ्याने नंबरचा पत्रा ठोकायचा आणि तो नंबर यादीत लिहायचा. यादीतल्या झाडावर निदान चर्चा होते. यादीत नसलेलं ते झुडूप, ते सरळ मशीनखाली जातं.

तिसऱ्या दिवशी पिंपळ लागला. बुंध्याशी सिमेंटचा ओटा, त्यावर उदबत्त्या आणि एक संत्रं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात पिंपळाचं पान तोडत नाहीत, पडलेलं उचलतात. माझा हातोडीचा हात वर झालाच नाही. नंतर दोरीने पत्रा बांधू म्हटलं. तेवढ्यात वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा झाला, सगळे शेडमध्ये पळाले. पिंपळ राहून गेला. यादी पुढे गेली.

नाल्याची आखणी झाल्यावर मी साइटवर गेलो, तर ओट्यावर एक म्हातारे चिनी गृहस्थ बसले होते. मी त्यांना अंकल म्हणालो. त्यांनी काठीने आजूबाजूची झाडं दाखवली आणि इथल्या बोलीतला ‘लाह’ लावून विचारलं,

“सगळ्यांना नंबर आहे लाह. माझ्या झाडाला का नाही?”

बघून सांगतो म्हणालो. ते घाईत नव्हते. त्यांचं घर याच जागी होतं, ओटा त्यांच्या आईने घातलेला. फ्लॅटबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. संडास घरात आहे, लिफ्ट आहे, गुडघ्यांना बरं पडतं. पण जुन्यातलं एवढंच उरलंय, म्हणाले.

नाल्याची रेघ बरोबर ओट्यावरून जात होती. ती मीच काढली होती.

रविवारी वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले,

“खिळ्यानं कुठं झाड मरतंय, इंजिनेर? तू पाया पडत बसलास आणि त्याला मशीनखाली घातलंस.”

त्याच महिन्यात माझा इथे काम करायचा पास रिन्यू व्हायचा होता. चूक लपवली असती तर कुणाला कळलं नसतं. अंकलना उत्तर द्यायला कंपनी बांधील नव्हती. सोमवारी मी मॅनेजरबाईंच्या टेबलाशी उभा राहिलो आणि सांगितलं, की झाड दिसलं होतं, नंबर मुद्दामच ठोकला नाही, मग विसरलो. कारण विचारलं, तेही सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी झालेल्या चुकीबद्दलचा रिपोर्ट माझ्या सहीने लिहून घेतला आणि पूर्ण पट्टा शनिवारी एकट्याने पुन्हा मोजायला सांगितला.

शनिवारी अंकल आले होते. मी बूट काढले नाहीत, हात जोडले नाहीत. त्यांनी पत्रा खोडावर सरळ धरला.

“खोल मार,” म्हणाले. “पडायला नको.”

तीन ठोक्यांत खिळा गेला. थोडा चीक आला. मला काही वाटलं नाही. पुढचं झाड मोजायला घेतलं.

सुधारित यादीवर दोन बैठका झाल्या. नाल्याला एक वळण देऊन तो साडेतीन मीटर पूर्वेला सरकवला. त्या वळणाचं ड्रॉइंग मी केलं, खाली माझं नाव आहे. माझा पास एकाच वर्षासाठी रिन्यू झाला. पिंपळ, ओटा आणि मागची दोन दुरियनची झाडं राहिली. बाकीचं रान कापलं.